डीडॉस हल्ला म्हणजे काय? आपल्या व्यवसायाची वेबसाइट कशी वाचवायची?



माझा मावसभाऊ हापूस ऑनलाइन विकतो. ऐन सीझनमध्ये एका सकाळी त्याची वेबसाइट उघडेचना. आधी वाटलं हॅक झाली, पण डेटा जागच्या जागी होता. साइटवर खोट्या ट्रॅफिकचा पूर आला होता. घाईघाईत मी सीडीएन लावलं, तरी फरक पडेना. का, ते पुढे सांगतो. दीड दिवस एकही ऑर्डर आली नाही आणि आंबा काही थांबत नाही!

डीडॉस म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव 'डिस्ट्रिब्युटेड डिनायल ऑफ सर्व्हिस'. समजा, तुमच्या दुकानाच्या दारात काहीच न घेणारी हजार माणसं येऊन उभी राहिली. कुलूप कोणी फोडत नाही, पण खरं गिऱ्हाईक आत येऊ शकत नाही. सर्व्हरचं तसंच होतं.

ही गर्दी येते कुठून?

तुमच्या-माझ्या घरातूनही! २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने कंपनीचाच पासवर्ड ठेवलेले राउटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ला अशाच उपकरणांनी 'डाइन' या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना उघडेनात. म्हणून घरच्या राउटरचा पासवर्ड आजच बदला.

बचाव कसा करायचा?

२८ फेब्रुवारी २०१८ला गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा हल्ला झाला. त्यांनी ट्रॅफिक अकामाई कंपनीकडे वळवलं आणि काही मिनिटांत साइट सावरली. एवढी मोठी कंपनीही एकटी लढली नाही. आपणही हेच करायचं, पण आधीच.

१. पुढे सीडीएन ठेवा. ट्रॅफिक आधी त्यांच्या सर्व्हरवर जातं आणि गाळून आपल्याकडे येतं. क्लाउडफ्लेअरच्या मोफत प्लॅनमध्येही डीडॉस संरक्षण मिळतं.

२. खरा आयपी लपवा. आम्ही इथेच फसलो. हल्लेखोराकडे जुना आयपी होता, त्यामुळे तो सीडीएनला वळसा घालून थेट सर्व्हरवर येत होता. डीएनएसच्या जुन्या नोंदींमधून किंवा त्याच सर्व्हरवरून जाणाऱ्या ईमेलमधून हा आयपी कळू शकतो. सीडीएन लावल्यावर होस्टिंगकडून नवा आयपी घ्या आणि फायरवॉलमध्ये फक्त सीडीएनच्याच आयपींना परवानगी द्या.

३. रेट लिमिट लावा. लॉगिन, सर्च आणि पेमेंटच्या पेजवर एका आयपीकडून मिनिटाला किती रिक्वेस्ट घ्यायच्या ते ठरवा. फार कडक नको, कारण मोबाइल नेटवर्कवर एकाच आयपीमागे अनेक खरे ग्राहक असतात.

४. होस्टिंगवाल्यांना आधीच विचारा: "हल्ला झाला तर तुम्ही काय करता?" इतर ग्राहकांना त्रास नको म्हणून काही जण आपलीच साइट बंद करतात. आमच्या बाबतीत तसंच झालं.

हल्ला सुरू असेल तर?

क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर 'अंडर अटॅक मोड' चालू करा, लॉग जपून ठेवा आणि ऑर्डर तोवर व्हॉट्सअॅपवर घ्या. कोणी खंडणी मागितली तर देऊ नका, पैसे दिल्यावर हल्ला थांबेलच याची खात्री नसते. २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं असतं. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार करता येते.

आणि हो, गंमत म्हणूनही कोणाची साइट पाडू नका. आयटी कायद्याच्या कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

भावाची साइट नवा आयपी मिळाल्यावरच उभी राहिली. हेच काम आम्ही मार्चमध्ये केलं असतं, तर तासाभरात झालं असतं. तुमच्या घरच्यांची किंवा मित्राची व्यवसायाची साइट असेल, तर त्यांना आजच विचारा: खरा आयपी लपवलाय का?