‘करलालो’ची कुळकथा

सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडीत फोनवरचं बोलणं कानावर पडतं ते असं : ‘काय करलालास?’ ‘जेवलालो. तू?’ ‘येलालो की, वाटंतच हाय.’ पुस्तकी मराठीत हेच ‘करतोयस’, ‘जेवतोय’, ‘येतोय’. पुण्याकडच्या माणसाला त्यात भूतकाळ ऐकू येतो, आणि तिकडं शिकायला गेलेली आपली पोरं लाजेपोटी हे रूप टाकून देतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याचं कूळ जुनं आहे.

माझ्या मते हे रूप ‘करू लागलो’तून आलं. सहायक म्हणून ‘लागणे’ यादवकाळापासून मराठीत आहे. ‘लीळाचरित्रा’तली माणसंही पुसों लागतात. तिथं अर्थ आरंभाचा. आपल्या बोलीत आरंभ मागं पडला, क्रिया चालू असल्याचा अर्थ उरला. ‘लागलो’तला ‘ग’ झिजला आणि ‘लालो’ धातूला चिकटला.

मराठवाड्यात ‘करायलो’ही म्हणतात. ते वऱ्हाडी ‘करून राहिलो’च्या घराण्यातलं म्हणता येईल. पण ‘राहिलो’त ‘ल’ एकच, ‘करलालो’त दोन : पहिला ‘लाग’ धातूचा, दुसरा प्रत्ययाचा. मला हा पुरावा पक्का वाटतो. भूतकाळाचा गैरसमजही वाक्यातच फिटतो. ‘तिनं पिठलं केलं’ म्हणताना क्रियापद पिठल्यामागं जातं. ‘ती पिठलं करलालीय’मध्ये ते तिच्यामागं जातं, ‘नं’ लागतच नाही; कारण शेवटी अकर्मक ‘लागणे’ बसलेलं आहे.

मग हे रूप पुस्तकात का नाही? दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 साली मुंबईत निघालं, शाळेची मराठी पुस्तकंही त्याच इलाख्यात घडली. तुळजापूर सप्टेंबर 1948पर्यंत निजामाच्या राज्यात, कारभार उर्दूत. इथल्या क्रियापदांना व्याकरणाच्या पंगतीत कुणी बोलावलंच नाही. ‘करतोय’ हेसुद्धा ‘करतो आहे’चंच झिजलेलं रूप, पण ते छापखान्याच्या गावचं होतं.

बोलीनं मात्र इलाख्याची हद्द जुमानली नाही. सोलापूर इंग्रजांकडं होतं, तरी तिथंही याच जातीचं रूप चालतं आणि त्याची झीजही पुढं गेली आहे. शहरात ‘काय करालाय?’ असं विचारतात; दोनातला एक ‘ल’ तिथं गळून पडलाय.