मनाचें शास्त्र आणि विषयांच्या भिंती

एखाद्यानें आपला दहा आंकडी दूरध्वनि-क्रमांक सांगावा आणि लेखणी हातीं येईपर्यंत त्यांतील शेवटचे आंकडे मनांतून निसटून जावे, हा अनुभव कोणास नाहीं? पण असें कां होतें, हें विचारावयाचें कोणास? मानसशास्त्रज्ञाकडे जावें, तर प्रश्न मेंदूपाशीं पोंचतो. मेंदूच्या अभ्यासकाकडे जावें, तर शब्द आणि अर्थ यांचा उलगडा उरतोच. महाविद्यालयांत आम्हीं विषयांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या; मनानें मात्र त्या मानलेल्या नाहींत.

या खोल्यांच्या भिंती कशा खचूं लागल्या, त्याचा इतिहास उद्बोधक आहे. १९१३ सालीं जॉन वॉटसन यांनीं मानसशास्त्राचा विषय मन नसून वर्तन होय, असें प्रतिपादिलें. आणि पुढें कित्येक वर्षें अमेरिकेंतील मानसशास्त्रांत मनाविषयीं बोलणें अशास्त्रीय ठरलें. ही हद्दपारी संपविण्यास साह्य आलें तें शेजारच्या शास्त्रांकडून. ११ सप्टेंबर १९५६ रोजीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील परिषदेंत ॲलन न्यूएल व हर्बर्ट सायमन यांनीं तर्कशास्त्रांतील सिद्धांत सिद्ध करणाऱ्या संगणक-योजनेची माहिती दिली. नोम चॉम्स्की यांनीं व्याकरणाची गणिती मीमांसा केली. आणि जॉर्ज मिलर हे तात्कालिक स्मृतीच्या मर्यादेविषयीं बोलले. ही मर्यादा सुमारें सात घटकांची, असें त्यांनीं त्याच वर्षीं मांडलें होतें. आपले दहा आंकडे निसटतात ते येथेंच! पुढें मिलर हाच दिवस या नव्या शास्त्राचा जन्मदिवस मानीत.

या शास्त्रास 'कॉग्निटिव्ह सायन्स' म्हणतात. आपण बोधनशास्त्र म्हणूं. १९७८ सालीं स्लोन प्रतिष्ठानासाठीं झालेल्या अहवालांत तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, संगणकशास्त्र, मानवशास्त्र व मज्जाशास्त्र यांचा षट्कोन रेखाटला गेला. १९८२ सालीं अमेरिकेंतील व्हासार कॉलेजनें या विषयाची पदवीहि दिली. परंतु २०१९ सालीं राफाएल नूनेस व त्यांचे सहकारी यांनीं हिशेब मांडला, तेव्हां दिसलें कीं, सहा बाजू जुळून एकसंध शास्त्र झालेंच नाहीं. मानसशास्त्राचें पारडें जड झालें आणि मानवशास्त्र जवळजवळ बाहेर पडलें.

सहा विषयांची ओळख करून दिल्यास विद्यार्थी एकांतहि पारंगत होणार नाहीं, असा आक्षेप मीहि एके काळीं घेत असें. परंतु १९५६ चे ते चौघे उथळ नव्हते. स्वतःच्या विषयांत खोल उतरल्यावरच त्यांना शेजाऱ्याच्या कामाचें मोल कळलें. दोष आहे तो उशिराचा. शेजारच्या शास्त्राची भाषा प्रौढपणीं जिभेवर बसत नाहीं. म्हणून पदवीच्या विद्यार्थ्यानें विषय एकच निवडावा. पण त्यापूर्वीं तो निसटलेला आंकडा त्याच्यापुढें ठेवावा. प्रश्न आधीं, विषय मागून.