तारेवाचूनचे बिऱ्हाड

पुण्याहून सिंहगडाकडे निघाले आणि खडकवासल्याचे पाणी दिसू लागले, की माणूस नकळत सैलावतो. पूर्वी लोक येथे कणीस खाऊन, पाण्याकडे बघून, दिवेलागणीला घरी परतत. अलीकडे मात्र या काठापासून पानशेतपर्यंत शनिवार-रविवारी तंबू पडू लागले आहेत. एखादा हौशी गृहस्थ तर मोटारीमागे चाकांवरचे घरच ओढून आणतो. त्या घराच्या छपरावर सोलर पॅनेल आणि पोटात बॅटरी. खांबावरच्या तारेशी त्याचे काही देणेघेणे नाही! संध्याकाळी दिवे लागतात, पंखा फिरतो, पेये गार होतात आणि मध्यरात्री केव्हातरी सारे एकदम गप्प होते. मग उजाडेपर्यंत पंखा कोणी चालू ठेवला यावर कुटुंबात चर्चा.

वास्तविक हे गणित आम्हा मास्तर मंडळींच्या पाठीला पिढ्यान्‌पिढ्या चिकटलेले आहे. एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो. दोन्ही एकदम सोडले तर काय होईल? बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तासांचा हौद. पण या हौदाचा तळ पाहायचा नसतो. ती वारंवार निम्म्याखाली गेली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाताशी उरले ६००. दहा वॅटचे दोन दिवे पाच तास लावले, शंभर गेले. तीस वॅटचा पंखा आठ तास फिरला, आणखी २४० गेले. इथवर ठीक, पण गार पेयांचे ते छोटे कपाट सरासरी चाळीस वॅट ओढत बारा तास चालले, की ४८० चा खड्डा पडला. एकूण खर्च ८२०. आणि भरणारा नळ? शंभर वॅटचे पॅनेल कडक उन्हाच्या दिवशी चारशे-साडेचारशे वॅट-तास देईल. आषाढात सिंहगडावर ढग बसले, की तेही नाही.

डोळ्यांना हा हिशेब दिसत नाही, खरी अडचण ती आहे. खडकवासल्याचेच पाहा ना! एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या या धरणाचे पाणी काठावरून समुद्रासारखे वाटते. पण त्याचा उपयुक्त साठा जेमतेम १.९७ टीएमसी. पुणे शहर खरे जगते ते मागे डोंगरात दडलेल्या पानशेतच्या १०.६५ आणि वरसगावच्या १२.८२ टीएमसीवर. काठावर उभे राहून केलेला अंदाज कामाचा नाही. मोजपट्टी हवी आणि ती खरे बोलणारी हवी. मोजपट्टीच खोटे बोलू लागली तर काय होते, याची एक कथा आहे. ती घडली पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर. पण तिचा एक धागा याच पाण्याच्या काठाशी येऊन पोचतो.

राकेश शर्मा १९६६ साली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. पानशेतच्या पुराला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. पुढे ३ एप्रिल १९८४ रोजी मालिशेव आणि स्त्रेकालोव या दोघा सोव्हिएत सोबत्यांबरोबर ते अंतराळात गेले आणि 'सॅल्यूत-७' नावाच्या घरात आठवडाभर राहिले. तिथे आधीच तिघांचा मुक्काम होता. म्हणजे एका बिऱ्हाडात सहा माणसे. तार नाही, खांब नाही. बाहेर पंखांसारखी पसरलेली पॅनेले आणि आत आठ बॅटऱ्या. घर साधारण दीड तासात पृथ्वीभोवती फिरून येई. प्रत्येक फेरीत एक दिवस, एक रात्र. रात्रीचे दिवसा कमवायचे. वीज पुरेनाशी झाली म्हणून आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९८३ मध्ये, दोघा अंतराळवीरांनी घराबाहेर पडून जादा पॅनेले बसवली होती. पाहुणे वाढले की दिवा वाढवावा लागतो, हे तिथेही सुटले नाही.

शर्मा परतले. वर्ष संपण्याआधी बाकीचेही उतरले आणि घर रिकामे पडले. फेब्रुवारी १९८५ मध्ये ते अचानक मुके झाले. बॅटरी किती भरली हे सांगणारे एक उपकरण बिघडले होते. बॅटरी भरलेली आहे, असेच ते सांगत राही. त्यामुळे यंत्रणा पॅनेलांकडून येणारा प्रवाह तोडून टाकी. संदेशयंत्रही बिघडलेले, तेव्हा पृथ्वीवरून कोणाला काही करता येईना. बाहेर लख्ख ऊन पडलेले, आणि घर मात्र अंधारात गोठत गेले!

व्लादिमीर जानिबेकोव आणि विक्तर साविनिख हे दोघे ६ जूनला निघाले. घराकडून कसलाच इशारा मिळत नव्हता. जानिबेकोवने नजरेच्या अंदाजाने यान हाताने चालवून ८ जूनला त्याला जोडले. मला या कथेत सर्वांत थरारक वाटते ते यापुढचे. दार उघडले तर आत काळोख, भिंतींवर हिमाचा थर, पाणी गोठून दगड झालेले. पंखे बंद, त्यामुळे सोडलेला श्वास तोंडाभोवतीच घुटमळायचा. कानटोप्या घालून दोघे कामाला लागले. यानातली वीज घराला देता येत नव्हती. घरात कुठे तारा एकमेकींना भिडल्या असत्या, तर परतीचे यानच निकामी झाले असते. म्हणून त्यांनी एकेक बॅटरी तपासली. आठांपैकी सहा जगण्याजोग्या निघाल्या. त्या बिघडलेल्या उपकरणाला बाजूला सारून, थंडीत तारा हातांनी सोलून, त्यांनी बॅटऱ्या थेट पॅनेलांना जोडल्या. मग यानाचे इंजिन किंचित चालवून सारे घरच उन्हाकडे वळवले. आपल्याकडे पापडाचे ताट उन्हाच्या दिशेने सरकवावे, तसे. बॅटऱ्या भरू लागल्या. पहिला दिवा लागला. बर्फ वितळून घरभर पाणी झाले, ते पुसता पुसता दोघांची पुरेवाट झाली; पण घर जगले. पुढे १९८६ साली तिथे शेवटचा मुक्काम झाला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ते अर्जेंटिनावर कोसळले.

प्रबोधिनीचा आणखी एक विद्यार्थी, शुभांशु शुक्ला, २५ जून २०२५ रोजी उडाला आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अठरा दिवस राहून १५ जुलैला परतला. हे घर कितीतरी मोठे. त्याच्या जुन्या निकेलच्या बॅटऱ्या काढून २०१७ ते २०२१ च्या दरम्यान लिथियमच्या बसवलेल्या. हिशेब मात्र तोच, दीड तासाच्या फेरीचा, आणि दिवसाला सोळा सूर्यास्तांचा.