टर्बो सी ते व्हीएस कोड : एफ-१ कळेमागची मदत

भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, हे त्यांचे पाणी पिणाऱ्या कित्येक मुंबईकरांना ठाऊक नसते. त्याच तालुक्यातील विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंगचा चांगला क्लास हवा असेल, तर बहुधा आसनगाव स्थानक गाठून कल्याणची लोकल धरावी लागते. शेजारचा मुरबाड तालुका माळशेज घाटाला भिडलेला. तेथून कल्याण सुमारे ३० किलोमीटर, आणि भिस्त एसटीवर. अभ्यासक्रम मात्र मुंबईतल्या आणि मुरबाडातल्या विद्यार्थ्याला एकच. बारावीला संगणकशास्त्र हा २०० गुणांचा द्विलक्षी विषय घेणारा मुलगा दादरचा असो वा टोकावड्याचा, त्याने सी प्लस प्लसमधील आज्ञावली लिहून, चालवून दाखवायची असते. दादरच्या मुलाला अडले की विचारायला कोणी ना कोणी असते. टोकावड्याच्या मुलाजवळ असतो तो समोरचा संगणक, आणि त्यात दडलेली, सहसा कोणी न उघडलेली मदत. या लेखाचा विषय ती मदतच आहे.

आज्ञावली लिहिण्याचा संपादक, तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर, चुका शोधणारा डीबगर आणि माहिती पुरविणारी हेल्प या गोष्टी एकाच छपराखाली आणणाऱ्या साधनाला इंटिग्रेटेड डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट, थोडक्यात आयडीई, म्हणतात. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अनेक वर्षे आयडीई म्हणजे बोरलँड कंपनीचे टर्बो असेच समीकरण होते. टर्बो पास्कल १९८३ साली आले, टर्बो सी १९८७ साली आणि टर्बो सी प्लस प्लस १९९० साली. निळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरे ही आज चाळिशीत असलेल्या अनेक अभियंत्यांची पहिली आठवण आहे. हे साधन सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणक (१९९८) येण्यापूर्वीचे. त्यामुळे त्यात शिकलेले पुष्कळसे पुढे विसरावे लागते, ही तक्रार रास्तच आहे. तथापि त्याची हेल्प आजही आदर्श म्हणावी अशी आहे.

नवशिक्याची पहिली ठेच आज्ञावलीत नसतेच, ती आयडीईच्या मांडणीत असते. टर्बोचा फोल्डर सहसा सी ड्राइव्हवर टीसी या नावाने असतो. पेनड्राइव्हमधून तोच फोल्डर डी ड्राइव्हवर उतरवला, तरी टर्बो जुनाच पत्ता धरून बसतो. मग पहिल्याच ओळीवर ‘अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल’ असा संदेश येतो आणि पाठोपाठ प्रत्येक फंक्शनला ‘प्रोटोटाइप’ हवा अशा तक्रारींची रांग लागते. मुलगा आपल्या ओळी पुन्हा पुन्हा तपासतो. त्यांत खोट नसतेच! एफ-१० दाबून वरच्या मेन्यूत जावे, ऑप्शन्समधील डिरेक्टरीज उघडावे आणि इन्क्लूड व लायब्ररी या दोन रकान्यांत फोल्डरचा खरा पत्ता लिहावा. इन्क्लूडचा पत्ता बरोबर आणि लायब्ररीचा चुकीचा असेल, तर कंपायलर गप्प बसतो. पण लिंकर सी-शून्य-एस नावाची फाइल सापडत नाही म्हणून अडून राहतो. लायब्ररीचा रकाना चुकल्याची ती खूण समजावी. दुरुस्तीनंतर ऑप्शन्समधील सेव्ह विसरू नये, एरवी दुसऱ्या दिवशी तोच खेळ पुन्हा.

ऑप्शन्सच्या एन्व्हायर्नमेंट भागात प्रेफरन्सेस नावाची खिडकी आहे. तिच्यातील ऑटो सेव्हखालच्या ‘एडिटर फाइल्स’ या चौकटीत खूण केली की आज्ञावली चालविण्यापूर्वी टर्बो ती आपोआप जतन करतो. शहरी वाचकाला ही बाब किरकोळ वाटेल. या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाचे जे तास काढले, ते ज्यांना आठवतात त्यांना वाटणार नाही. वीज गेली की तासाभराचे टंकलेखन गेले, हा अनुभव त्या काळी नित्याचा होता. अनंत फेऱ्यांत अडकलेली आज्ञावली संगणक गोठवते, तेव्हाही हीच खूण कामी येते.

आता हेल्पकडे वळू. टर्बोमध्ये एफ-१ ही कळ प्रसंग पाहून बोलते. मेन्यूतील एखाद्या पर्यायावर उभे राहून ती दाबली तर त्या पर्यायाची माहिती येते, चुकीच्या संदेशावर दाबली तर त्या चुकीचा अर्थ. शिफ्टसह दाबल्यास अकारविल्हे सूची उघडते आणि आल्टसह दाबल्यास आधी वाचलेले पान परत येते. सर्वांत उपयुक्त जोडी कंट्रोल व एफ-१ ही. संपादकातील एखाद्या शब्दावर कर्सर ठेवून ती दाबली की नेमक्या त्या शब्दाचे पान समोर येते.

पाने इंग्रजीत आहेत, आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तेथेच बिचकतो. वस्तुतः या इंग्रजीला घाबरण्याचे कारण नाही. प्रत्येक पानाचा सांगाडा जवळपास तोच असतो. फंक्शन कसे लिहायचे, ते काय करते, काय परत देते, कोणकोणत्या यंत्रांवर चालते, संबंधित इतर फंक्शने कोणती आणि अखेरीस एक उदाहरण. दहा-बारा पाने वाचली की तेच ते शब्द पुन्हा भेटू लागतात. माझे मत असे की पान खालून वर वाचावे. आधी उदाहरण, मग वर्णन. एडिट मेन्यूत ‘कॉपी एक्झाम्पल’ नावाचा पर्याय आहे. त्याने हेल्पमधील संपूर्ण उदाहरण उचलून नव्या खिडकीत चिकटवता येते आणि लगेच चालवून पाहता येते. चालणारे उदाहरण एकेक ओळ बदलून मोडून पाहणे हा उत्तम अभ्यास आहे, आणि त्याला शिक्षकाची उपस्थिती लागत नाही.

दोन दाखले देतो. एखाद्या मुलाने ३०० आणि २०० यांचा गुणाकार साध्या ‘इंट’ प्रकारात केला तर टर्बो ६०००० ऐवजी उणे ५५३६ हे उत्तर देतो. संगणक बिघडला असे वाटावे! हेल्पमधील डेटा टाइप्सचे पान उघडले तर कारण सापडते. या कंपायलरमध्ये ‘इंट’ला १६ बिटांची जागा मिळते आणि त्यात उणे ३२७६८ ते ३२७६७ एवढ्याच संख्या मावतात. ६०००० त्यापलीकडे गेल्याने त्यातून ६५५३६ वजा होऊन ही विचित्र संख्या उरते. दुसरा दाखला पडदा पुसणाऱ्या ‘क्लिअरस्क्रीन’ फंक्शनचा. प्रयोगवहीतील बहुतेक आज्ञावल्यांची सुरुवात त्यानेच होते. हे फंक्शन केवळ आयबीएम पीसी व तत्सम संगणकांसाठी आहे, अशी स्पष्ट सूचना त्याच्या पानावरच्या ‘पोर्टेबिलिटी’ या भागात दिलेली आहे. पुढे पदवीला लिनक्सवर जीसीसी वापरताना हीच ओळ अडते, तेव्हा विद्यार्थ्याला धक्का बसतो. इशारा पहिल्या दिवसापासून पडद्यामागे होता, कोणी वाचला नव्हता इतकेच.

आता थोडी आजची अडचण. विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्या १६-बिट आज्ञावल्या चालवीत नाहीत. म्हणून टर्बो आता डॉसबॉक्स या जुना संगणक भासविणाऱ्या साधनात चालवावा लागतो, आणि तेथे दोन कळांचा झगडा उभा राहतो. टर्बोमध्ये कंट्रोल व एफ-९ म्हणजे आज्ञावली चालवा. डॉसबॉक्समध्ये तीच जोडी म्हणजे डॉसबॉक्स बंद करा. मुलगा आज्ञावली चालवायला जातो आणि अख्खी खिडकी क्षणात नाहीशी होते, जतन न केलेल्या ओळींसकट. अशा वेळी वर सांगितलेली ऑटो सेव्हची खूणही उपयोगी पडत नाही; कारण कळ टर्बोपर्यंत पोहोचतच नाही. कंट्रोल व एफ-१ या जोडीचेही तेच. ती डॉसबॉक्सची कळा बदलण्याची खिडकी उघडते, आणि शब्दावरची मदत नेमकी हरवते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी हे घडले तर गुण जातात, आणि दोष मुलाच्या अज्ञानाला दिला जातो. उपाय सोपा आहे. त्या खिडकीत ‘शटडाऊन’ या घटनेची कळ बदलून सेव्ह करावे, किंवा दोन्ही कामे माउसने मेन्यूतून करावीत : रन मेन्यूतील रन आणि हेल्प मेन्यूतील टॉपिक सर्च. काही तयार संचांत हा बदल आधीच केलेला असतो. एफ-२ दाबून जतन करण्याची सवय मात्र कोणत्याही संचात लावून घ्यावी.

टर्बोचा काळ ओसरला, हे मान्य करून पुढे जायला हवे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेला व्हीएस कोड हा विनामूल्य संपादक आज बहुतेकांच्या संगणकावर असतो. त्यात एफ-१ दाबली तर हेल्प येत नाही, आज्ञांची यादी उघडते! हेल्प मेन्यूतील ‘डॉक्युमेंटेशन’वर क्लिक केले तर ब्राउझर सुरू होतो. नेट नसेल तर तेथेच खुंटले. १९९८ च्या व्हिज्युअल स्टुडिओ ६ सोबत एमएसडीएन लायब्ररी सीडींवर मिळत असे. ती जागा खाई, पण नेट मागत नसे. पुढे मदत संगणकातून उठून इंटरनेटवर राहायला गेली आणि शहरात कोणाला त्याची जाणीवही झाली नाही. मोबाइलची रेंज डोंगराआड जाणाऱ्या पाड्यावर ती होते.

म्हणून रेंज असताना काही तयारी करून ठेवावी. पायथॉन शिकणाऱ्यांना ती फारशी करावी लागत नाही. त्याच्या अधिकृत विंडोज संचात संपूर्ण माहितीपुस्तिका घेता येते आणि सोबतच्या आयडल या छोट्या आयडीईत एफ-१ दाबली की ती उघडते. शिवाय ‘हेल्प’ या फंक्शनला कंसात कोणत्याही फंक्शनचे नाव दिले की त्याची माहिती तेथल्या तेथे मिळते. आयडलमध्ये अक्षरांचा आकार ऑप्शन्समधील कॉन्फिगर आयडल येथे वाढवावा. एका पडद्यापुढे तिघे बसत असतील तर ते आवश्यकच. व्हीएस कोडसाठी लागणारी एक्स्टेन्शन्स एकाने कल्याणला उतरवून पेनड्राइव्हवर आणली तर ‘इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स’ या पर्यायाने प्रत्येक संगणकावर नेटविना बसवता येतात. फाइल मेन्यूतील ऑटो सेव्ह मुळात बंद असते, ते चालू करावे. मांडणीचे सर्व बदल कंट्रोल व स्वल्पविराम या जोडीने उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये होतात आणि एकाच फाइलमध्ये साठतात. ती फाइल प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर नेली की सर्वांची मांडणी एकसारखी होते.

मराठीचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला आहे. विंडोजचे किंवा लिनक्सवरील ग्नोमचे मेन्यू मराठीत आणता येतात, पण प्रोग्रॅमिंगची हेल्प अजून इंग्रजीच बोलते. टर्बोला देवनागरीचा गंध नव्हता. पायथॉन ३ मध्ये ‘वय’ असे देवनागरी नाव चलाला देता येते आणि वापरणाऱ्याने टंकलेला ‘१७’ हा मराठी आकडा पूर्णांकात बदलताही येतो. आज्ञावलीच्या ओळीत थेट मराठी अंक लिहिलेले मात्र चालत नाहीत. ‘शहापूर’ या शब्दाची लांबी विचारली तर पायथॉन ६ सांगतो. आपल्याला चारच अक्षरे दिसतात. पण काना आणि दीर्घ उकार यांना तो वेगळे मोजतो. ‘मुरबाड’चीही लांबी ६ च येते. हे असे का, हे विचारणाऱ्या मुलाने आयडलमध्ये एफ-१ दाबून माहितीपुस्तिकेतील युनिकोडचे प्रकरण उघडावे. ते इंग्रजीत असले तरी उदाहरणांपासून वाचायला घेता येते.