वेनची मांजरं आणि 1908 सालचा कॅमेरा

लुई वेनची मांजरं तुमच्याही फोनवर येऊन गेली असतील. पहिलं गोजिरवाणं, मग डोळे वटारलेलं, शेवटी नुसती रंगीबेरंगी नक्षी. खाली ओळ: स्किझोफ्रेनिया वाढत गेला तसं चित्रकाराला जग असं दिसू लागलं.

हा क्रम वेनने लावलेलाच नाही! 1939 च्या सुमारास वॉल्टर मॅक्ले या मनोविकारतज्ज्ञाला लंडनमधल्या एका दुकानात ही चित्रं मिळाली. त्यांवर तारखा नव्हत्या. क्रम मॅक्लेने लावला आणि तोच पुढे मानसशास्त्राच्या पुस्तकांत छापला गेला. वेनला 1924 साली वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, हे खरं. पण तिथंही तो साधी, हसरी मांजरं काढतच होता. त्याची आई कापडावरच्या नक्षीची कामं करायची. ती नक्षी पोराच्या चित्रात उतरली तर त्यात आजार कशाला शोधायचा? मुळात त्याला स्किझोफ्रेनियाच होता का, यावरही तज्ज्ञांचं एकमत नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. या आजारात पाहण्याच्या अडचणी खरोखर असतात, पण त्या अशा झगमगीत नसतात, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. हलत्या वस्तूचा वेग नीट कळत नाही. फिकट छटांतला फरक निसटतो. तुटक रेषांतून आकार जुळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलं तर चष्म्याचा नंबर ठीक निघतो, आणि घरचे म्हणतात, "लक्ष कुठं असतं तुझं?"

1908 साली ब्लॉयलरने 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द दिला. त्याच वर्षी अमेरिकेत डिफेनडॉर्फ आणि डॉज या दोघांनी मनोरुग्णांच्या डोळ्यांच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपल्या. हलणाऱ्या वस्तूमागे आपली नजर सलग सरकते. या रुग्णांची झटके घेत, मागे पडत, उडी मारून गाठत सरकत होती. एवढा स्पष्ट पुरावा, आणि पुढची साठेक वर्षं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. 1973 साली फिलिप होल्झमनने झुलता लोलक दाखवून तेच पुन्हा तपासलं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. वर्षभरात त्याने रुग्णांचे जवळचे नातेवाईकही तपासले. आजार नसलेल्या त्यातल्या बऱ्याच जणांची नजरही तशीच झटके घेत होती.