शेतखाना : शुद्धीच्या नावाचे घर

'शेतखाना' या जुन्या मराठी शब्दाचा शेताशी काडीचाही संबंध नाही. अरबी 'सिह्हत' म्हणजे आरोग्य आणि फारसी 'खाना' म्हणजे घर, यांपासून तो आला. उघड्यावर जाणाऱ्या समाजाच्या कानाला त्यात 'शेत' ऐकू यावे, हे स्वाभाविकच होते. त्याचा सख्खा भाऊ 'तारतखाना'. अरबी 'तहारत' म्हणजे शुद्धी. नमाजापूर्वीची शुद्धीही तीच.

संस्कृतनेही हाच मार्ग धरला. 'शुच्' धातूपासून 'शुचि', त्यापासून 'शौच'. पतंजलीच्या योगसूत्रांत शौच हा पाच नियमांपैकी पहिला आहे. पुढे देहशुद्धीचा हा शब्द मलविसर्जनालाच चिकटला आणि 'शौचकूप', 'शौचालय' ही नावे रूढ झाली. मूळ क्रियेचे नाव कोणीच घेतले नाही.

बोलीने मात्र शुद्धीऐवजी दिशा दाखवली. 'परसाकडे जाणे' यातील परसू म्हणजे घरामागची मोकळी जागा, कोकण-गोव्याला चांगली परिचित. 'बहिर्दिशेस जाणे' हे त्याचेच सोवळे रूप.

नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातील निर्मल जिल्ह्यात, भैंसा-मुधोळ-बासरच्या पट्ट्यात, मराठी, तेलुगू आणि उर्दू शेजारी नांदतात. तेथील तेलुगू शब्द 'मरुगुदोड्डी'. मरुगु म्हणजे आडोसा, दोड्डी म्हणजे परसू किंवा गुरांचे आवार. 'दोड्डीकडे जाणे' आणि 'परसाकडे जाणे' यांत अंतर ते काय? एक भाषा द्राविडी, दुसरी आर्यकुलातील, संकोच एकच. गावाच्या नावाचा संस्कृत अर्थ घेतला तर तोही 'मलरहित' असाच निघतो. केंद्र सरकारने 2003 मध्ये हागणदारीमुक्त ग्रामपंचायतींसाठी जाहीर केलेल्या पुरस्काराचे नावही 'निर्मल ग्राम'च होते. 'हागणदारी' हा शब्द सरकारी कागदावर आला, ही त्या मोहिमेची भाषेला झालेली अनपेक्षित देणगी म्हणावी लागेल.

या सभ्य नावांआड एक माणूस दडला. घराला शुद्धीचे नाव मिळाले. तेथील मैला टोपलीत भरून डोक्यावरून वाहणाऱ्याला मात्र अशुद्ध ठरवले गेले. मुंबई सरकारने नेमलेल्या बर्वे समितीने 1949 मध्ये या कामगारांच्या हालअपेष्टांची चौकशी केली होती. हाताने मैला वाहण्यास बंदी घालणारा केंद्राचा पहिला कायदा 1993 मध्ये आला. तो अपुरा पडल्याने 2013 मध्ये दुसरा करावा लागला, आणि गटारे व मलटाक्यांची जोखमीची सफाई त्याच्या कक्षेत आली.