फूल, लोकरीचा गोळा आणि भोकांचा चेंडू

पिकलबॉल अमेरिकेतून आला, असं पुण्यातली पोरं सांगतात. आलाच तिथून, मी कुठे नाही म्हणते? पण ज्या ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद कोर्टावर तो खेळतात, ती आखणी बॅडमिंटनची. आणि बॅडमिंटनचे सुरुवातीचे लेखी नियम १८७० च्या दशकात तयार झाले ते याच पुण्याच्या लष्करी छावणीत. अमेरिकेहून आलेला हा पाहुणा आजोळीच उतरलाय.

मी मूळची कुणकेश्वरची. नोकरी देवगड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, आणि निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहाखातर पुण्याला आले. ओळखपाळख नसलेल्या शहरात माझ्या वयाच्या बाईला संध्याकाळी जायला दोनच जागा असतात, देऊळ नाहीतर बाग. सुनेने तिसरी दाखवली. सोसायटीच्या मागे पत्र्याची शेड, त्याखाली निळंहिरवं कोर्ट, आणि तिथून दिवसभर येणारा टॉक-टॉक आवाज. गावी फोनवर सांगितलं तर शेजारीण म्हणाली, "गे बाय, ह्या वयात ह्यां काय खूळ?" खूळ खरंच. पण हे खूळ आलं कुठून, हे शोधताना मला आमच्या खळ्यातलं बॅडमिंटन आठवलं. बऱ्याच गोष्टींचा उलगडा तिथेच झाला.

आमच्याकडे बॅडमिंटन आणलं मुंबईच्या चाकरमान्यांच्या पोरांनी. मे महिन्यात ती गावी यायची आणि जाताना एखादी तुटक्या तारांची रॅकेट ठेवून जायची. दिवाळीनंतर खळं चोपून, शेणाने सारवून तयार झालं की आम्ही राखेने रेघा मारायचो. नेट म्हणून रापणीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा, एक टोक माडाला आणि दुसरं पोफळीला. फूल झावळीत अडकलं की खेळ थांबायचा. पण खरा शत्रू झावळी नव्हे, वारा. देवगडला पवनचक्क्या उगाच नाही उभारल्या. सकाळी मतलई वारा मंद असतो तेवढाच वेळ फूल सरळ जायचं. दहा वाजून गेले, देवळावरचं निशाण फडफडायला लागलं, खारा वारा सुटला, की मारलेलं फूल परत आपल्याच डोक्यावर. दुपारनंतर पोरं रॅकेटी टाकून वाळूत कबड्डी खेळायला जायची, कारण कबड्डीला वाऱ्याचं काही देणंघेणं नाही.

या सगळ्या खेळांचा इतिहास म्हणजे माणसांनी वाऱ्याशी केलेली तडजोड आहे, असं माझं मत झालंय. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यात इंग्रजांचा तळ कायमचा पडला. त्यांच्याकडे फूल आणि चपट्या फळीने खेळायचा जुना घरगुती खेळ होताच. छावणीत त्यात मधे जाळी आली, चढाओढ आली, आणि खेळाला नावच 'पूना' पडलं. पण उघड्यावर फुलाचं काय होतं ते कुणकेश्वरच्या कुठल्याही पोराला विचारा. तेव्हा वारा किंवा पाऊस असला की फुलाऐवजी लोकरीचा गोळा घ्यायची पद्धत पडली.

तो गोळा दक्षिणेत टिकला. बॉल बॅडमिंटन हा खेळ तंजावरच्या राजघराण्यात १८५६ च्या सुमारास खेळला जाई असं सांगतात, आणि ते राजघराणं म्हणजे आपले भोसले. पिवळ्या लोकरीचा चेंडू, एका बाजूला पाच खेळाडू, २४ मीटर लांब मैदान आणि तेही उघड्यावर. तामिळनाडू, आंध्र, कर्नाटकात तो अजून खेळतात. महाराष्ट्रात मात्र तो फारसा रुजला नाही. मला याचं नवल वाटतं, कारण किनाऱ्याला याहून सोयीचा खेळ नव्हता.

इंग्लंडला परतलेल्या अधिकाऱ्यांनी उलटी वाट धरली. त्यांनी वाऱ्याशी भांडण सोडून खेळच घरात नेला. ग्लॉस्टरशायरमधल्या बॅडमिंटन हाउस या हवेलीवरून खेळाला नाव मिळालं, १८९३ मध्ये संघटना झाली, १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. गंमत म्हणजे तेव्हाचं कोर्ट चौकोनी नव्हतं. नेटपाशी अरुंद आणि टोकांना रुंद, डमरूसारखा आकार. १९०१ मध्ये तो गेला आणि आजचा सरळ आयत आला. बंद हॉलमध्ये गेल्यामुळे खेळ वेगवान झाला, देखणा झाला आणि महागही झाला. हॉल कुठून आणायचा? सिंधुदुर्गातल्या पोरांनी बॅडमिंटन खेळलं नाही असं नाही, पण ते वाऱ्याच्या मेहरबानीवर.

आता अमेरिका. सिएटलजवळ समुद्राच्या खाडीत बेनब्रिज नावाचं बेट आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात तिथे जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल हे दोन मित्र गोल्फ खेळून घरी आले, तर पोरं कंटाळलेली. प्रिचर्ड तेव्हा राज्याच्या विधिमंडळात होता, पुढे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेला. अंगणात जुनं डांबरी बॅडमिंटन कोर्ट होतं, पण पुरतं सामान सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटा आणि भोकं पाडलेला प्लास्टिकचा चेंडू घेऊन त्यांनी पोरांना खेळायला लावलं. नेट आधी ६० इंचांवर होतं, म्हणजे बॅडमिंटनचंच. डांबरावर चेंडू छान उसळतो असं दिसल्यावर ते ३६ इंचांवर आणलं. पुढच्या आठवड्यात बार्नी मॅकॅलम हा तिसरा मित्र आला, आणि त्याने प्लायवुडच्या बॅटा कापून दिल्या. जाळ्याचं नेट लावणाऱ्या आम्हा पोरांना हे सगळं ओळखीचं वाटेल. सामान नाही म्हणून खेळ थांबत नाही, नियम बदलतो.

आणि इथेही वारा आहेच. भोकांतून हवा आरपार जाते, म्हणून चेंडू वाऱ्याला फुलाइतका बळी पडत नाही. पुढे तर दोन जाती झाल्या. हॉलमधल्या चेंडूला मोठी २६ भोकं, उघड्यावरच्याला बारीक ४० आणि वजन जरा जास्त. लोकरीच्या गोळ्याने पुण्यात जे काम केलं, तेच या चेंडूने बेटावर केलं.

बाकीचं बॅडमिंटन त्यांनी तसंच ठेवलं. नेटपासून साडेसहा फुटांवरची सर्व्हिसची रेघ तेवढी सात फुटांवर सरकली. तिच्या आत उभं राहून चेंडू हवेतच मारायचा नाही. हा नियम नसता तर उंच माणसाने नेटला चिकटून सगळ्यांना झोपवलं असतं. सर्व्हिस कमरेखालून, आणि सर्व्हिसनंतर दोन्ही बाजूंनी एकेकदा टप्पा पडू द्यायचा. थोडक्यात, ताकदवानाला सुरुवातीलाच लगाम. घरातल्या लहानथोरांनी एकत्र खेळायचं म्हणून केलेले नियम आहेत हे, आणि माझ्यासारखी नवखी त्यामुळेच टिकते.

गुण मोजण्याची पद्धत मला लगेच कळली, पंचविशीतल्या पोरांना मात्र कळेना. ती म्हणायची, "काकू, झीरो-झीरो-टू म्हणजे काय?" अरे, सर्व्हिस ज्याच्या हातात त्यालाच गुण, आणि दुहेरीत खेळ सुरू करणाऱ्या जोडीला पहिल्या खेपेस एकच हात. म्हणून सुरुवातच दुसऱ्या हातापासून धरायची. जुनं बॅडमिंटन असंच होतं. २००६ मध्ये बॅडमिंटनने ते टाकलं आणि प्रत्येक रॅलीला गुण द्यायला सुरुवात केली. टाकलेली वस्तू पिकलबॉलने जपून ठेवलीय. ११ गुण, आणि दोनची आघाडी हवी. आता कोर्टावर वाद झाला की मला बोलावतात. शाळेत बत्तीस वर्षं हेच केलं.

हा खेळ भारतात आणणाऱ्याचं नाव सुनील वालावलकर. वालावल कुडाळ तालुक्यात, तेव्हा हे आडनाव वाचून कोकणी माणसाची मान थोडी ताठ होणारच, माझी झाली. १९९९ मध्ये ते कॅनडात गेले असताना त्यांनी हा खेळ पाहिला. २००६ मध्ये परदेशातून येताना थोड्या बॅटा आणि चेंडू बरोबर आणले, आणि २००८ मध्ये मुंबईत ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी केली. तेव्हा या खेळाला कोणी विचारत नव्हतं. गर्दी झाली ती करोनानंतर, पैसा आला तो त्याहून नंतर, आणि २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली ती इंडियन पिकलबॉल असोसिएशन या वेगळ्याच संघटनेला. खेळ मोठा झाला की संघटना दोन होतात, ही आपली रीतच आहे.

या साखळीतलं एक घराणं मला फार आवडतं. नंदू नाटेकर सांगलीचे. ते आधी टेनिस खेळायचे. कुमार गटाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरल्यावर बॅडमिंटनकडे वळले, आणि १९५६ मध्ये मलायात परदेशातली स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तो बॅडमिंटनमध्ये पहिला त्यांनाच. मुलगा गौरव पुन्हा टेनिसकडे गेला. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत त्याने लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. त्याच गौरव नाटेकरांनी पत्नी आरती यांच्यासह वर्ल्ड पिकलबॉल लीग उभी केली. तिचा पहिला मोसम २०२५ च्या सुरुवातीला मुंबईत झाला. टेनिस, बॅडमिंटन, परत टेनिस, मग पिकलबॉल, आणि सगळं एकाच घरात.

पुण्यात शिकताना एक गोष्ट मात्र खटकली. तासाला एवढे रुपये, बॅट एवढ्याची, बूट एवढ्याचे. नव्याने येणाऱ्या बाईमाणसाला कोर्टाच्या आधी किंमतच दिसते. माझं ऐका, पहिले दोन महिने उसनी बॅट चालते. बूट तेवढे आडव्या हालचालीचे घ्या, धावायचे नकोत. आमच्या वयात पाय मुरगळला तर गणपतीपर्यंत घरी बसावं लागतं. चेंडू मागे जाऊन मारायची हौस नको, उलट पावली धावताना माणसं पडतात. आणि सोबत शोधत बसू नका. बॅट रांगेत ठेवली की चौघांत नंबर लागतो. नव्या शहरात मला ओळखी मिळाल्या त्या अशा.

देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या मुख्याध्यापकांना एक विनंती. ज्या शाळेपुढे सिमेंटचं अंगण आहे आणि त्यावर बॅडमिंटनच्या रेघा आहेत, तिथे नवं कोर्ट बांधायची गरज नाही. नेट खाली उतरवा, कडेला ३६ इंच आणि मधे ३४. दोन्ही बाजूंना सात फुटांवर खडूने एकेक रेघ मारा. बॅटा गावच्या सुताराकडून प्लायवुडच्या करून घ्या, मॅकॅलमने तेच केलं होतं. चेंडू मात्र ४० भोकांचाच मागवा.